त्रोंदुरच्या पोटातली हाकाटी

माझा भाऊ त्रोंदुर लाकडी होड्या बांधतो. आता या फेरो बेटांवर लाकडी होडी कोणाला हवी असते, असं कोणी विचारलं तर तो विचारणाऱ्याच्या प्लास्टिकच्या होडीकडे नुसता बघत राहतो. त्याची बायको मर्युन वारली तेव्हा सुन्नुवा जेमतेम शाळेत जायला लागली होती. पोरीला त्याने एकट्याने वाढवलं असं सगळं गाव म्हणतं. अर्धी मी वाढवली, पण माझं नाव कोणी घेत नाही आणि मीही आठवण करून देत नाही. मी एल्स्पा, त्याची थोरली बहीण, शेजारच्याच घरात राहते. आमच्या दोन घरांत फक्त बटाट्याचा एक वाफा आहे.

गावाला त्रोंदुर माहीत आहे तो मात्र गळ्यासाठी. आमच्या नाचाला ढोल नाही, पिपाणी नाही. हातात हात धरून फेर करायचा, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, आणि लाकडी जमिनीवर पाय असे आपटायचे की शेजारच्या गोठ्यातल्या मेंढ्या जाग्या व्हाव्यात. मधोमध कोणी नसतं. फेरातलाच एक जण म्होरक्या होतो आणि पोवाडा म्हणतो. कडवं त्याचं, पालुपद सगळ्यांचं. हरवलेल्या बहिणीला शोधायला सात भाऊ समुद्रात जातात, तो पोवाडा आमच्या आईचा. म्हणायला चांगला तासभर लागतो, आणि तो अख्खा येतो फक्त त्रोंदुरला. मलाही कडवी येतात, क्रम तेवढा येत नाही. माझ्या तोंडी तिसरा भाऊ बुडतो आणि पुढच्याच कडव्यात जेवायला बसतो.

तर अशा माणसाने एका हिवाळ्यात फेर धरणं सोडलं. आधी गुडघा दुखतो म्हणाला. मग घसा. मग मेंढ्यांकडे बघायला हवं म्हणाला, जणू मेंढ्या नाचाच्याच दिवशी आजारी पडतात. आला तरी दाराजवळ उभा राहायचा आणि दोन कडवी झाली की दिसेनासा व्हायचा. नाताळात मी आंबवलेलं मटण पानात वाढलं, तर त्याने ताट बाजूला सरकवलं. हे मटण महिनोन्‌महिने फटी ठेवलेल्या लाकडी कोठारात वाऱ्यावर टांगून मुरतं, त्याचा वास आला की आमच्या घराण्यातले मेलेलेही उठून बसतील. त्याला नको म्हणणारा माणूस एक तर परका किंवा गंभीर आजारी. पण मला तेव्हा फक्त राग आला.

धक्क्यावरचा दान्याल, ज्याचं तोंड बोटीच्या इंजिनाहून जास्त वेळ चालू असतं, तो म्हणाला, "तुझा भाऊ मोठा माणूस झाला बुवा. आमच्या घामट हातांत हात द्यायची लाज वाटते त्याला."

"तुझे हात घामट आहेत हे तुला कळलं, हेच खूप झालं," मी म्हटलं आणि मासे न घेताच घरी आले.

खरं काय ते मला कळलं होडीच्या शेडमध्ये. त्याला कॉफी द्यायला गेले, तर कोपऱ्यात नवीन फळ्यांची एक खोली. पाहिलं तर आत संडास. सुबक काम, कोपरे होडीसारखे घट्ट बसवलेले.

"हे काय आता? घर ते काय समोर दिसतंय!"

"दिसतं," तो म्हणाला. "पण तिथवर पोचत नाही मी."

एवढं बोलून तो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. चेहरा पांढराफटक. अंगातला स्वेटर मीच विणलेला, पण तो त्याच्यावर असा लोंबत होता की दुसऱ्या कोणासाठी विणला असं वाटावं. मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. पोटात पीळ पडतो. दिवसातून कितीदा ते त्याने मोजणंच सोडलंय. रक्त जातं.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी मेंढ्या कापल्या, त्याच्याही आधीपासून."

"आणि इलाज?"

"माशाचं तेल घेतो की. पोटातली ताकद कमी झालीय, हळूहळू भरून येईल."

मला रडावं की त्याच्या डोक्यात बादली घालावी ते कळेना. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत घातलं आणि राजधानीतल्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. वाटेत तो तीनदा उतरला आणि प्रत्येक वेळी परत येताना, मेंढ्या बघायला गेलो होतो, असा चेहरा करून आला.

डॉक्टरीण म्हणजे राकुल. तिची आजी माझ्या वर्गात होती, त्यामुळे मी तिला घाबरत नाही. तिने नळी घालून तपासलं, रक्त घेतलं, आणि काही दिवसांनी आम्हाला पुन्हा समोर बसवून म्हणाली, "मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. आणि हे तेल-बिल बंद करा त्रोंदुर. तुमची ताकद कमी झालेली नाही, जास्त झालीय."

"जास्त?" त्रोंदुरने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. ते आता सुन्नुवाच्या मनगटाएवढं उरलं होतं.

"अंगातली नव्हे, पहाऱ्याची. आतड्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशी पहारा देतात, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. आतड्यात जंतू तर कोट्यवधी, पण त्यातले बहुतेक घरचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू. पहाऱ्याचं अर्धं काम लढायचं, आणि अर्धं ओळखीच्याला मुकाट जाऊ द्यायचं. मला सांगा, खाडीत देवमाशांचा कळप दिसला की गावात काय होतं?"

"काय होणार? हाकाटी होते," त्रोंदुर म्हणाला. "ज्याला दिसला तो ओरडतो, ऐकणारा पुढे ओरडतो. मास्तर शाळा सोडतो, पाद्री प्रार्थना आवरतो, सगळे सुऱ्या घेऊन किनाऱ्यावर."

"आणि कळप नसलाच तर?"

"मग फौजदार सांगतो, चला, घरी जा."

"तुमच्या पोटात साधा मासा दिसला तरी देवमाशाची हाकाटी होते. एक पेशी ओरडते. तिची ओरड म्हणजे एक रसायन, ते रक्तात उतरतं. ते ऐकून रक्तातल्या आणखी पेशी धावत येतात, आल्या की त्याही ओरडतात. पुरे झालं म्हणणाऱ्या फौजदार पेशीही असतात, पण या गलक्यात त्यांचं कोणी ऐकत नाही. सुऱ्या तर उपसलेल्या, आणि समोर देवमासा नाही. मग त्या चालतात आतड्यावरच."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," मी म्हटलं.

"अगदी तसंच."

"आणि हे आमच्याच घरी का?"

"नक्की कोणालाच सांगता येत नाही. थोडं रक्तात, थोडं राहणीत. जगात हा आजार सगळ्यात जास्त सापडतो तो आपल्याच बेटांवर."

त्रोंदुर चिडला. "मग मला गावात एकही कसा दिसला नाही?"

"तुम्ही तरी कोणाला दिसलात?" राकुल म्हणाली.

औषधाचं तिने नीट समजावलं. आधी गोळ्या, त्या सगळ्याच पहारेकऱ्यांना सरसकट झोपवतात. पण त्या फार दिवस घ्यायच्या नाहीत. मग दर काही आठवड्यांनी सलाइनमधून एक औषध, ते ओरड हवेतच पकडतं, दुसऱ्याच्या कानी जाऊ देत नाही. बरं वाटायला वेळ लागेल, आणि बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही.

"पण उद्या खराच देवमासा आला तर?" त्रोंदुरने विचारलं. माझा भाऊ मठ्ठ नाही, फक्त हट्टी आहे.

"म्हणून ताप आला तर अंगावर काढायचा नाही. लगेच मला फोन."

परतीच्या वाटेवर बोगद्यात शिरल्यावर तो म्हणाला, "एल्स्पा, हे कोणालाही सांगायचं नाही. सुन्नुवालाही नाही."

"अरे, पोरगी आहे तुझी!"

"म्हणूनच. बापाच्या हगवणीची गोष्ट कोणती पोर ऐकेल? मला तिच्यासमोर बाप म्हणून उभं राहायचंय."

मी वचन देऊन टाकलं. बोगद्यात भांडायला मला आवडत नाही.

गोळ्यांनी रक्त कमी झालं आणि तोंड भाकरीसारखं फुगलं. त्रोंदुर खाऊन खाऊन सुटलाय, असं गावाने ठरवलं. सलाइनही सुरू झालं. त्याच सुमारास सुन्नुवा एका रविवारी आली, कॉफी ओतून घेतली आणि म्हणाली की ती आणि यानुस उन्हाळ्यात लग्न करणार. दोघं साल्मन माशांच्या समुद्रातल्या शेतीवर एकाच बोटीवर काम करतात. यानुस दक्षिण बेटावरचा. तिकडची माणसं एकदा बोलायला लागली की बोट सुटली तरी त्यांचं वाक्य संपत नाही, पण पोरगा गुणी आहे. त्रोंदुरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं. आनंदाचंच होतं ते.

मग सुन्नुवा म्हणाली, "बाबा, सात भावांचा पोवाडा तूच म्हणणार ना?"

आमच्या गावची रीत अशी की मुलीच्या लग्नात जेवण झालं की पहिला फेर बापाने धरायचा, आणि पोवाडा तडीला न्यायचा. मध्येच तुटला तर संसाराला अपशकुन. आणि बापाने फेर धरलाच नाही, तर त्याला जावई पसंत नाही असं सगळी पंगत समजते. त्यासाठी वेगळं काही बोलावं लागत नाही.

"दान्यालला सांग," त्रोंदुर म्हणाला.

"दान्याल! दान्यालचा आवाज ऐकून मेंढ्या डोंगर चढून जातात!"

"मग दुसऱ्या कोणाला सांग. मी फेर धरणार नाही."

तिने कप खाली ठेवला. "का?"

"घसा."

"घसा," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. कोट घालून ती निघून गेली, आणि पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

गावाला विषय मिळाला. दान्यालने मला धक्क्यावर गाठलं. "काय एल्स्पा, दक्षिणेचा जावई घशाखाली उतरत नाही वाटतं तुझ्या भावाच्या?"

"तुझ्या घशाखाली काय काय उतरतं ते साऱ्या धक्क्याला ठाऊक आहे," मी म्हटलं. पण घरी येऊन भांडी आपटली. किती दिवस मी त्रोंदुरच्या मागे लागले, सांग, अरे सांग तिला. त्याचं एकच, "औषध लागू पडतंय. लग्नापर्यंत ठणठणीत झालो तर सांगायची गरजच काय?" रक्त थांबलं होतं हे खरं. पण पोटात एकदा कळ आली की अजूनही त्याला धावावंच लागे, आणि कधी येईल त्याचा नेम नव्हता. रात्रंदिवस शेडमध्ये तासणी चालवायचा आणि पोरीच्या लग्नासाठी एक छोटी होडी बांधायचा. ज्याच्यासाठी होडी बांधतोय तो जावई त्याला नापसंत कसा असेल? पण हे कोण बघतंय?

शेवटी एक दिवस यानुस स्वतःच आला. सुन्नुवा बाहेर गाडीत बसून राहिली, घरात पाऊल टाकायला तयार नाही. पोराने हातातला मासा माझ्याकडे दिला आणि त्रोंदुरच्या समोर उभा राहिला.

"माझं काय चुकलं ते सांगा. सुधारण्यासारखं असेल तर सुधारतो. दक्षिणेत जन्मलो, ते मात्र आता माझ्या हातात नाही."

त्रोंदुरने तोंड उघडलं. आणि नेमका तेव्हाच त्याचा चेहरा पिळवटला. तो उठला आणि तडक खोलीबाहेर गेला. दार आपटलं.

यानुसने टोपी उचलली. त्याचे कान लालभडक झाले होते. "कळलं," तो म्हणाला.

"काही कळलेलं नाही तुला. बस खाली."

"आता आणखी काय ऐकू?"

"टोपी खाली ठेव म्हणते ना! येईल तो." माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं, त्याचं होतं.

त्रोंदुर परत आला तेव्हा पोरगा खुर्चीच्या टोकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर घट्ट धरून. माझा भाऊ दारातच थांबला. आपण काय करून बसलोय ते त्याला त्या क्षणी दिसलं असावं.

"तुझ्यावर रागावून उठलो नाही मी," तो म्हणाला. "मला पोटाचा आजार आहे. थांबता येत नाही."

यानुसने वर पाहिलं. "रक्त पडतं?"

"पडायचं. आता थांबलंय."

"माझ्या आईला आहे तो. मी लहान होतो तेव्हापासून. आमच्याकडे कुठे जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, वाटेत संडास कुठे कुठे आहेत?" त्याला बोलता बोलता हसू आलं, इतकं हलकं वाटलं असावं त्याला. "तुम्ही सलाइन घेता का? आई घेते. तिला फार फरक पडला. सुन्नुवाला माहीत आहे हे?"

त्रोंदुरने नकारार्थी मान हलवली.

"मग मी नाही सांगणार. ती बाहेर आहे. जा."

मी खिडकीतून पाहिलं. त्रोंदुर गाडीत जाऊन बसला. मग त्याचे ओठ हलायला लागले. मग सुन्नुवाने त्याच्या खांद्यावर एक गुद्दा मारला, चांगला जोरात, आणि त्याच खांद्यावर कपाळ टेकलं.

घरात आली ती थेट माझ्यावर. "आत्या, तुलाही माहीत होतं?"

"वचन घेतलं होतं त्याने."

"काय माणसं आहात! मी इकडे रात्र रात्र रडतेय, यानुसमध्ये काय खोट आहे ते शोधतेय, आणि तुम्ही दोघं एक संडास लपवताय!" मग बापाकडे वळली. "फेर तूच धरायचास."

"अगं, मध्येच उठावं लागलं तर? पोवाडा तुटला तर तुझ्या संसाराला—"

"तुटू दे. तू धरलाच नाहीस तर माझं आधीच तुटलंय."

शेवटी तो हो म्हणाला. पण मनातली भीती गेली नव्हती. लग्नाच्या दिवशी त्याने सकाळपासून एका उकडलेल्या बटाट्यापलीकडे काही खाल्लं नाही. चर्चमध्ये कडेच्या बाकावर बसला. पंगतीत माणसं त्याच्याकडे बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. टेबलं बाजूला सरकवली, आणि त्रोंदुर उठून सभागृहाच्या मधोमध आला. त्याने डावा हात सुन्नुवाच्या हातात दिला. उजव्या बाजूला कोणी यायच्या आत दान्याल घुसला, कारण फेरात कोणीही कुठेही शिरू शकतो आणि दान्याल शिरतोच.

आणि माझ्या भावाने पहिलं कडवं उचललं. त्या हिवाळ्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. जरा बारीक झाला होता, पण होता तोच. फेर वाढत गेला, म्हातारी, पोरं, दक्षिणेची अख्खी वरात, फेराला वळसे पडले, जमीन दणाणायला लागली. पहिला भाऊ निघाला, दुसरा निघाला. यानुसची आई माझ्या हाताला होती, तिला आमची चाल वेगळी वाटत होती पण पाय बरोबर पडत होते. चौथा भाऊ वादळात सापडला. मला वाटलं, निभावलं.

पाचव्या भावाची होडी पाण्यात लोटता लोटता त्रोंदुरचा चेहरा पिळवटला. त्याने कडवं मात्र पुरं केलं. पालुपद सुरू झालं आणि त्याने दोन्ही हात सोडले, आणि सगळ्यांदेखत, वळशांमधून वाट काढत दाराकडे धावला.

फेरातून कोणी गेलं तर उरलेल्या दोन शेजाऱ्यांनी लगेच एकमेकांचे हात धरायचे असतात. फेर उघडा ठेवत नाहीत. दान्यालने सवयीने हात पुढे केला. सुन्नुवाने तो घेतला नाही. तिने आपला हात तसाच ठेवला, बापाचा हात जिथे होता तिथे, रिकामा, आणि दान्यालच्या डोळ्यांत बघितलं. पालुपद संपत आलं. आता पुढचं कडवं हवं, आणि ते ज्याला येत होतं त्याने संडासाचं दार लावून घेतलं होतं. पाय अडखळायला लागले. कुठेतरी एक-दोन मुलं फिसकन हसली.

तेव्हा दान्यालने आपला हात मागे घेतला, त्रोंदुरच्या जागेच्या कडेला धरला, आणि मेंढ्या पळवणाऱ्या त्या आवाजात पालुपद पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सुन्नुवाने त्याला सूर दिला. मग यानुस. मग सगळे. पालुपद संपलं की पुन्हा तेच, संपलं की पुन्हा तेच, डावीकडे दोन, उजवीकडे एक, आणि फेराबरोबर ती रिकामी जागाही सभागृहभर फिरत राहिली. मुलं हसायची थांबली. कोणी दाराकडे बघत नव्हतं. मला रडू कोसळलं आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, कारण मी हात सोडणार नव्हते.

दार उघडलं. त्रोंदुर उंबऱ्यात उभा राहिला, ओल्या चेहऱ्याने, आणि ऐकत राहिला. पोवाडा तुटला असं समजून तो संडासातून बाहेर आला होता. फिरत फिरत ती जागा त्याच्यासमोर आली, तेव्हा त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि दोन्ही हात धरले. पालुपद संपलं, आणि पाचव्या भावाची होडी लाटेवर चढली.